आयुष्यभराचं तेल

कोजोरीच्या चढावर, तिसऱ्या वळणाला,
गाडीनं एक उचकी दिली.
मागच्या सीटवर नवरी होती, तिचा भाऊ होता,
त्याच्या मांडीवर आडव्या ठेवलेल्या दोन मेणबत्त्या होत्या,
आणि माझ्यासमोर, काचेखाली, हिरवागार डी.
डी म्हणजे पुढे.
पुढे काही जाईना.

इंजिन गुरगुरत होतं, काटा चार हजारांवर,
आणि आम्ही कठड्याकडे मागे मागे घरंगळत होतो,
एखाद्या श्रीमंत नातेवाइकानं
हातात घेतलेला हात हळूच सोडून द्यावा, तसे.

नवरी उतरली. बूट हातात घेतले.
म्हणाली, "जुंबेरकाका, चर्च दिसतंय की. चालते मी."

ओढायला आला वलिको, खालच्या मजल्यावरचा,
वयानं त्याच्याहून मोठी झिगुली घेऊन.
दोर त्याचा, गाठही त्यानंच मारली.
त्बिलिसीपर्यंत सबंध उतार मी
त्याच्या मागच्या काचेतलं कांद्याचं पोतं बघत आलो.
तो हसला नाही.
हसला असता, तर मलाही काही बोलता आलं असतं.

एकतीस हजार लारी
रुस्तावीच्या बाजारात मोजून दिले होते मी.
त्यातले नऊ नाथेलाच्या आईच्या द्राक्षमळ्याचे.
विकणारा म्हणाला, जर्मन आहे, दार लावून बघा.
मी लावलं.
काय मऊ आवाज! आत कुणीतरी श्वास धरल्यासारखा.
त्या आवाजाचेच पैसे दिले मी,
बाकीची गाडी वर फुकट आली.

ह्राचिकच्या गॅरेजात ती उंच टांगलेली.
खालून पहिल्यांदाच पाहिली तिला;
पोटाखाली सगळ्याच गाड्या सारख्या,
चिखल, गंज, वायर.
त्यानं बोल्ट सैल केला. थाळीत तेल उतरलं,
काळं, करपलेल्या साखरेच्या वासाचं,
आणि त्यात बारीक चमचम.
लोहचुंबक बुडवून वर काढला,
टोकाला चांदीची दाढी.
"हे तुझे गिअर," म्हणाला.

तेल कधी बदललंस?
पुस्तकात लिहिलंय बदलायचं नाही, मी म्हणालो.
सीलबंद. आयुष्यभराचं तेल.
ह्राचिकनं चिंधीला बोटं पुसली, एकेक करून, अंगठा शेवटी.
"कुणाच्या आयुष्याचं, ते लिहिलंय का?"

शोरूममध्ये कॉफी चांगली मिळते.
पांढरे हातमोजे घातलेला मुलगा म्हणाला,
आम्ही दुरुस्त करत नाही, पेटीच बदलतो.
आकडा त्यानं उच्चारला नाही,
कागद वळवून माझ्याकडे सरकवला.
एकोणीस हजार चारशे.
मेकॅट्रॉनिक नावाचा मेंदू असतो, तो वेगळा.
मेंदू होता, मी विचारलं,
तर चढ दिसला नाही का त्याला?
मुलगा समजुतीनं हसला.
पगारात धरलेलं असावं ते हसू.

आता ती अंगणात तुतीच्या झाडाखाली उभी असते.
टपावर पिकली तुती पडते, जांभळे डाग,
मी पुसत होतो आधी.
हप्ता मात्र दर महिन्याच्या पाचला
वेळेवर, न अडखळता, एका गिअरमधून दुसऱ्यात जावा तसा जातो.

रात्री नाथेला बेकरीतून येते,
कंबर धरून, केसांत पीठ,
आणि वर न जाता सरळ गाडीत बसते.
सीट गरम होते. सीट पाठ चेपते.
बॅटरी आहे तोवर एवढं तरी वसूल करू, म्हणते.
मीही बसतो शेजारी, चालकाच्या जागी.
आरसा आपोआप माझ्या उंचीला वळतो,
एवढं अजून लक्षात आहे तिच्या.

परवा नाथेला डोळे मिटूनच म्हणाली,
"चल, समुद्राकडे जाऊ."
मी ब्रेक दाबला, दांडी ओढली.
डी उजळला.
बटूमीपर्यंत पावणेचारशे किलोमीटर, पडद्यानं सांगितलं,
रस्ता मोकळा आहे.

आम्ही दोघं समोर बघत राहिलो.
शेजारी वलिकोची झिगुली तिसऱ्या झटक्याला
खोकत सुरू झाली,
धूर सोडला,
आणि गेली.