साबण कुणाचा

कारंज्याच्या पंपघरात मी बसतो. आठ बटणं माझी.
साडेसातचा खेळ कन्नड गाण्यांवर, साडेआठचा हिंदी,
शनिवारी मधेच एखादं मराठी, कुणी तक्रार केली नाही तर.
पाणी तेच. तळ्यातलंच, गाळून घेतलेलं.

काठावर आता करदंटाचं दुकान, मोमोची गाडी,
काचेआड शहापुरी लुगडी नेसून उभ्या प्लास्टिकच्या बायका.
पायडलच्या बदकांत तीन नंबरची मान वाकडी.
आणि या सगळ्यांच्या डोक्यावर सात मजली हॉटेल,
खोलीतून तळं दिसतं म्हणून भाडं जास्त.

तळघरातून दिसत नाही.
तळघरात सुबाक्का परीट, दोन मशिनी, इस्त्रीचा एक रूळ,
आणि रोजच्या दोनशे चादरी, कुणाच्याच नसलेल्या.
पूर्वी ती कपड्याच्या कोपऱ्यात बिब्ब्याची खूण घालायची:
दोन ठिपके देसूरकरांचे, फुली डॉक्टरीणबाईंची.
कुणाच्या घरात काय शिजलं, कोण आजारी,
कुणाची पाळी चुकली, तिला आधी कळायचं.

तिचा दगड मात्र तिथंच आहे.
काँक्रीट ओतणाऱ्यांनी त्याला वळसा घातला,
आर्किटेक्टला आवडला म्हणे. खालून पिवळा दिवा लावला.
आईस्क्रीम खाणारे बरोबर मधल्या खोलगटीत बसतात,
सासूनं अर्धी झिजवलेली, उरलेली तिनं.

परवा लग्नाची पार्टी झाली. पांढऱ्या टेबलक्लॉथवर
तांबडा रस्सा, ताटभर.
मशिनीतून तीनदा काढला. डाग हलला नाही.
कुलगोड साहेब म्हणाले, पगारातून वळता करू.

साडेआठचा खेळ रंगात आलेला,
ही बादली घेऊन दगडापाशी.
कोनवाल्या पोराला म्हणाली, ऊठ बाळा, जरा.
आणि आपटला.

पलीकडच्या किल्ल्याच्या तटानं
तो आवाज झेलला, परत फेकला.
माझं बोट चुकलं. कारंजं खाली बसलं.
दुसरा. तिसरा. सगळे मोबाइल तिकडं वळले.
कुणी विचारलं, हे तिकिटात आहे का?
मकानदार वॉचमन ओठात शिट्टी धरून उभा,
वाजवेना.
"अक्का, काय करुलालीस?"
"दिसंना काय? धुऊलालोय."

पिळून तिनं कापड दिव्यासमोर धरलं.
टाळ्या पडल्या. तिनं आधी टाळ्यांकडं बघितलं,
मग कोपऱ्याकडं.
"नखाएवढा ऱ्हायलाच," म्हणाली.

सकाळी कुलगोड साहेब पहिल्यांदाच तळघरात उतरले,
हातात मोबाइल, मोबाइलात ती.
रोज करशील? साडेसातच्या आधी, दहाच मिनिटं.
नऊवारी हॉटेल देईल. बांगड्यासुद्धा.

ती रुळाला चादर भरवत होती.
हात थांबला नाही.
विचारलं फक्त,
साबण कुणाचा?