सूर, पाचव्या बैठकीनंतर

फॉर्ममध्ये विचारलंय :
सहभागातून निर्णय घेण्याची पद्धत कितपत यशस्वी ठरली?
एक ते पाच. योग्य आकड्याभोवती गोल करा.

गावाचं नाव सूर. त्यातली गंमत
इथे मी कुणाला समजावू शकलेलो नाही.
जुळायला पाच बैठका लागल्या,
म्हणजे, जुळले म्हणायचे असतील तर.

पहिलीत सल्लागार बाईंनी रंगीत टिकल्या वाटल्या.
हिरवी म्हणजे हवं, लाल म्हणजे नको.
खाडीकाठच्या त्या चारशे मीटरांवर
पालिकेच्या हिरव्या : फिरायचा रस्ता, दिवे, पार्किंग.
कोळ्यांच्या लाल.
खल्फान बिन सुवैदनं एकही लावली नाही.
बोटावर घेऊन बघत राहिला,
आणि निघताना माझ्या हेल्मेटला चिकटवली.

दुसरीत आवाज चढले.
तिसरीला कोळी आलेच नाहीत,
सुरमई लागली होती,
आणि आमच्या वेळापत्रकात माशांचा रकाना नव्हता.
इतिवृत्तात मी लिहिलं : उपस्थिती समाधानकारक.

चौथी त्यानं बोलावली. वाळूत, पहाटे, ओहोटीला.
टाचेनं रेघ ओढली : इथवर होडी ओढतो.
इथे जाळं पसरतो. इथे पिकअप वळते.
तुझी लाल रेघ, मुहंदिस, माझ्या होडीच्या पोटातून जाते.
(मी मुहंदिस नाही. मोजणीदार.
माझं यंत्र मिलिमीटरपर्यंत खरं बोलतं,
पण त्याला कुणी विचारलं तरच.)
नियोजन खात्याच्या ज़ुवैनाबाईंनी सॅंडल काढून हातात घेतले
आणि त्याच्या मागोमाग चालल्या,
मोठ्यानं मोजत. बासष्ट पावलं.

पार्किंग एकोणीस मीटर मागे सरकलं.
पाचवीत सह्या झाल्या, कहवा झाला, फोटो झाला.

त्या एकोणीस मीटरांत
जाळी शिवणाऱ्यांची पत्र्याची शेड आहे.
नकाशावर : तात्पुरते बांधकाम.
मोक्सेद तिथे अकरा वर्षं झोपतो.
काल वाटेत भेटला, म्हणाला,
तुमचं ठरलं म्हणे. बरं झालं.
आमचं काय, असं त्यानं विचारलं नाही.
मी घड्याळ बघितलं.

गावी माझा नि चुलतभावाचा गडगा,
दीड हाताचा वाद, सोळावं वर्ष.
दोघांकडे मोजणीचे कागद आहेत, दोघांचे बरोबर आहेत.
चपला काढून चल जरा माझ्याबरोबर, असं
ना तो म्हणाला, ना मी.

तीन? चार?
टिकली अजून हेल्मेटवर आहे,
उन्हानं फिकटून गुलाबी झालेली.
ती लालच होती का, आता सांगता येत नाही.

शेरा लिहायला दोन ओळींची जागा आहे.
ती तशीच ठेवलीय.
उद्या उजाडताना टेप घेऊन शेडकडे जाईन,
कुणी सांगितलेलं नाही.
सहा खाटा, एक शेगडी, दोरीवर लुंग्या.
मोजायच्या आधी
दारातून हाक मारेन.