पाचशे पंधरा

सदाशिव पेठेत, भापकरांच्या झेरॉक्समध्ये
शटर अर्धं ओढून
मी प्रिंट सर्व्हरची पोर्टं मोजत बसले.
तेवीस, टेलनेट. बंद.
एकवीस. कोण फाइली ढकलतं आता तिथून? बंद.
नऊ हजार शंभर राहू दे,
सकाळी हॉलतिकिटांची रांग त्यातूनच सरकते.

पाचशे पंधरा.
जुनी बोली. लॉग म्हणतो,
रोज अकरा चाळीसला एक पान. एकच.
"आमचं नाही बुवा," भापकर म्हणाले, डबा बांधत.
केलं बंद.

अकरा पंचेचाळीसला माळ्यावरून मुंगसे उतरला.
परांड्याचा. दिवसा टोनर भरतो,
रात्री कागदाच्या गठ्ठ्यांपाशी झोपतो.
ट्रेमध्ये हात घालून पाहिला,
मग झाडू हुडकू लागला,
जसा काही त्यासाठीच खाली आला होता.
"काय छापतोस रे?"
"सराव पेपर. चुकलेले प्रश्न तेवढेच."

उघडलं पुन्हा. नियम लिहिला,
फक्त एका पत्त्यापुरता:
एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, शून्य, चाळीस.
कारणाच्या रकान्यात काय घालावं सुचेना.
पुण्यात त्याला दुसरा पत्ता नाही,
हे तिथे मावलं नसतं.

पान आलं. गरम,
पाठकोऱ्या कागदावर.