चार टायर, इब्री

मोईदूच्या दुकानात टायर भिंतीला टेकून उभे,
पंगतीत जागा न मिळालेल्या पाहुण्यांसारखे, पोट रिकामं.
तो एकेकाच्या पाठीवर थाप मारतो,
भाव सांगतो रियालात,
मग माझ्याकडे बघून, हळूच, रुपयांत.

गाडी कंपनीची. पांढरी पिकअप,
मागे जनरेटरचं तेल, बेल्ट, पाण्याचे दोन कॅन.
कंपनी देते एकशेवीस, चारांना मिळून.
एकशेवीसात येतात शहरी टायर,
मस्कतपर्यंत चकार शब्द न काढणारे.
मला जायचंय ते मस्कतच्या उलट्या दिशेला.
एकशेऐंशीचे हवेत. वरचे साठ माझे.

साठ म्हणजे किती, प्रज्ञाने काल विचारलं.
सांगितलं.
फोनवर थोडा वेळ नुसता पंखा ऐकू आला.
मग म्हणाली, पडवीचे पत्रे होतात तेवढ्यात.
पन्हाळी. बारा फुटी. आठ.

तिला काय सांगू, मी पन्हाळी पत्र्यावरूनच जातो.
फहूदच्या पुढे डांबर संपतं,
तिथून टॉवरपर्यंत नव्वद किलोमीटर
रस्त्याला अशा वळ्या, की दाढेतली चांदी वाजते.
हळू गेलो तर हाडं मोजून होतात,
जोरात गेलो तर गाडी तरंगते
आणि वळण आपल्या हातात राहत नाही.

दुर मुहम्मद जुना टायर काढून आडवा टाकतो.
कडेला चीर. तो अंगठा घालून दाखवतो, पेरापर्यंत.
बलुचीत काहीतरी म्हणतो, अर्थ कळतो.
गेल्या ऑगस्टात असे दोन फुटले, एका तासात.
स्टेपनी एकच.
मी गाडीखाली आडवा झालो
आणि सावली सरकली तसा सरकलो,
दुपारी बारापासून साडेपाचपर्यंत.
हे प्रज्ञाला सांगितलेलं नाही.

मोईदू आधी दातेरी आणतो, हातभर खाचांचे.
कोपऱ्यात कॉफी घेत बसलेला खलफान मान हलवतो.
रेतीला दात चालत नाहीत, म्हणतो, ती खाली ओढते.
रेतीला तळवा लागतो.
हवा काढ, पंधरावर आण,
उंटाचा पाय बघितलायस ना?
आणि खारपड जमिनीवर, म्हणतो,
कुठलाच टायर नको. तिथे जाऊच नको.

राहिला मधला.
रेतीत बरा, मोईदू म्हणतो, दगडात बरा, डांबरावर बरा,
कशातच पहिला नाही.
माझ्या प्रगतिपुस्तकात हाच शेरा असायचा,
पण मोईदू हसत नाही,
तो गुडघ्यावर बसून चार आकडे शोधतोय.
इथल्या उन्हात टायर न धावताच म्हातारा होतो,
गोदामात बसून बसून.
हा एकतिसावा आठवडा, वीस साल. नको.
हा नववा, चोवीस साल. हा घे.

चोवीस सालचा नववा आठवडा.
कुठल्याशा कारखान्यात हा साच्यातून निघाला
तेव्हा मी रजेवर होतो, शिडीवर,
तोंडात खिळे, हातात टेप.
आठ लागतील, मीच म्हणालो होतो.

साठ मोजून दिले. नोटा घामाने एकमेकींना चिकटलेल्या,
मोईदूने वेगळ्या केल्या, एक सुटी चिकटलेली परत दिली.
स्टेपनी? दुर मुहम्मदने बोटाने विचारलं.
ती जुनीच राहू दे.

फोटो पाठवला.
बऱ्याच वेळाने उत्तर: काळे आहेत.
मग अजून एक: पत्रे दिवाळीनंतर बघू.

नवे टायर डांबरावर आवाज करतात.
मोईदूने सांगितलं होतं, हजारभर किलोमीटर करतील,
मग तुझा कान सरावेल.
संध्याकाळी फोन लागला तेव्हा
ती एकदम थांबली. म्हणाली,
पत्र्यावर वाजतंय कसं? पाऊस आहे का तिकडे?

नाही गं, डांबर आहे अजून.
आता थोड्या वेळात आवाज जाईल, काळजी नको करू.
पुढचा टॉवर बंद आहे,
तोच चालू करायला चाललोय.