मुक्काम वाढला

सात दिवसांचेच पैसे भरले होते.
तिसऱ्या सकाळी अकराच्या सुमाराला
ज्या कोख्ताच्या उताराला मी चाळीस वर्षं अरेतुरे करत आलो
त्यानं माझा पाय नडगीत मोडला.
वेगातही नव्हतो. उभाच होतो जवळजवळ,
तिबिलिसीच्या एका पोराला वाट देत.

बाकुरियानीच्या दवाखान्यात प्लास्टर चढवून डॉक्टर म्हणाला,
बोर्जोमीचा रस्ता बर्फाखाली आहे,
आणि उघडला तरी हा पाय कुतैसीपर्यंत गाडीत कोंबू नका.
मकवालानं भाडं निम्मं केलं,
पलंग खिडकीशी ओढला,
राजमा भरलेली गरम भाकरी मांडीवर ठेवून म्हणाली,
जुम्बेर, आता तू फर्निचर.

त्सिआला चार दिवस माझ्यापाशी विणत बसली.
पाचव्या दिवशी तिनं सुया लोकरीत खोचल्या
आणि बेकाच्या आईचे स्कीचे बूट पायात घालून पाहिले.
मापाचे निघाले.
मी हसलो.
बासष्ट वर्षं वय.
लग्नाच्या वर्षी म्हणाली होती, मला उंचीची भीती वाटते,
त्यानंतर मी विचारलं नव्हतं.
दर हिवाळ्यात ती माझ्याबरोबर इथं यायची
आणि याच खोलीत बसायची.

बेका म्हणजे मकवालाचा भाचा, एकोणीस वर्षांचा,
मिसरूड फुटलेलं, बोलणं मोजकं.
तो तिला पोरासोरांच्या उतारावर घेऊन गेला.
मी दुर्बीण लावली.
पडली. उठली. पडली.
सहा वर्षांची एक मुलगी तिला वळसा घालून खाली गेली.
बेकानं हात पुढे केला
तो तिनं काठीनं बाजूला सारला.
हे असं काठीनं बाजूला सारणं
मी घरात कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात ती लिफ्टमध्ये बसली.
तिसऱ्यात दुर्बिणीतून नाहीशी झाली,
देवदारांच्या पलीकडे, जिथून मोठा उतार सुरू होतो.

साडेतीनला लिफ्ट थांबते.
चारला ऊन डोंगराआड जातं.
मग बर्फ निळं पडतं आणि लाल टोपी
लाल राहत नाही.
वाट पाहणं म्हणजे नुसती वाटच पाहणं,
पांढरी, लांब, कोणीही नसलेली,
हे मला कोणी सांगितलं नव्हतं.
थर्मास दोनदा भरून घेतला.
तिसऱ्यांदा मकवाला म्हणाली,
चहा गरम आहे रे, गार तू पडलायस.

त्या संध्याकाळी काच पुसायला वाकलो
तेव्हा चौकटीच्या आतल्या अंगाला, रंगाखाली रंग, त्याखाली
पेन्सिलीचे आकडे दिसले.
चार-वीस. पाच-पाच. चार-चाळीस.
त्सिआलाचाच चार, डोकं उघडं ठेवलेला.
उभी ओळ, सज्जापासून माझ्या खांद्यापर्यंत.
एका जागी आकडा नव्हता,
एक रेघ होती, इतकी दाबून काढलेली
की लाकूड चिरलं होतं.
ते साल मला आठवलं.
वरच्या ठाण्यावर आम्ही चौघं वाइन पीत बसलो होतो,
गाणी म्हणत, उजाडेपर्यंत.
सकाळी खाली आलो तेव्हा
तिनं मला अंडी उकडून दिली होती.

दार उघडलं. गार हवेचा लोट,
गालांवर लाल चट्टे, मोज्यांतून पाणी.
काय बघतोयस, म्हणाली.
काच पुसतोय, म्हणालो.
तिनं चौकटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
आणि ओले हातमोजे शेगडीवर वाळत घातले.

काल प्लास्टर कापलं.
आतला पाय दुसऱ्याच कोणाचा वाटला, पांढरा, बारीक.
रस्ता तर कधीचा उघडलाय.
पिशव्या भरायला घ्याव्यात असं म्हणेतो
मकवाला वर आली, घरच्या वाइनची बाटली घेऊन:
त्सिआलानं परस्पर आणखी पंधरा दिवस सांगून टाकलेत.
मी काही बोललो नाही.
बेकाकडून एक पेन्सिल मागून घेतली.

आज, चार-पस्तीस.