फोन खोडाला लावा

पंचवीस वर्षं मी झाडं पायांनी मोजली.
कमरेला टेप, मांडीपर्यंत दलदल,
खिशात गोठून दगड झालेलं सँडविच.
एका मार्चमध्ये बर्फाखालच्या ओंडक्यानं
डावा गुडघा घेतला, आणि काम घरी आलं.

आता जंगल येतं ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर.
विमानानं वरून टिपलेले कोट्यवधी ठिपके,
निळी जमीन, पिवळी झुडपं, लाल शेंडे.
मी ते माऊसनं फिरवतो, कापतो,
हजार हेक्टरचं लाकूड दुपारच्या जेवणाआधी सांगतो.
आकडे पूर्वीपेक्षा अचूक येतात, हेही सांगायला हवं.
फक्त ठिपक्यांना डिंक नसतो.
संध्याकाळी हात धुवायला जातो
तर धुण्यासारखं काही नसतं.

बँकेच्या फॉर्मवर लिहितो, वृक्ष सल्लागार.
नात शाळेत सांगते,
आजोबा घरात बसून झाडं बघतात.

मंगळवारी शेतिकँपहून फोन आला.
ओदील शियासन, वय एक्याऐंशी.
विमा कंपनीचं पत्र आलंय,
छपरापासून नऊ फुटांवर मेपल आहे,
काढा, नाहीतर कुणा जाणकाराचं लिहून आणा.
तिनं फोटो पाठवले होते पाच.
तिघांत अर्धं झाड, अर्धं तिचं बोट.
मी इकडे लुनेनबर्गला, मध्ये पाचशे किलोमीटर,
आणि माझा गुडघा.

म्हटलं, लाटणं आहे घरात?
ती म्हणाली, मिस्टर झिंक, मी पाय करते जगभराचे,
लाटणं नसेल का?
मग बाहेर या. फोन खोडाला लावा.
नाही, कानाला नको. खोडाला.
आता ठोका. छातीच्या उंचीवर.

टक्.
एक पाऊल उजवीकडे.
टक्.
अजून एक.
टक्, मग पुन्हा टक्, मग
ढब.

कलिंगड घेताना बोटाला कळतं ना, तसं.
मी लॅपटॉप मिटला. डोळेही मिटले.
वर, म्हटलं. ढब. अजून वर. ढब.
खाली, मुळाशी? टक्. चांगलं, घट्ट टक्.
मधेमधे तिची धाप ऐकू येई,
कुणाचा तरी कुत्रा, आणि वारा,
आणि सालीवर फोन घासल्याची खरखर,
जी चार वर्षांत मला कोणत्याही फाइलीत मिळाली नव्हती.

मग ठोकणं थांबलं.
हॅलो? म्हटलं. पडलात का?
इथे खिळा आहे, ती म्हणाली.
प्लासिदनं रसाची बादली टांगायला मारला होता.
डोकं तेवढं दिसतंय. बाकी झाडानं गिळलाय.
बराच वेळ फोनवर फक्त झाड होतं.
मी घाई केली नाही. तासाचे पैसे लावतो मी,
पण ती पाच मिनिटं बिलात धरली नाहीत.

अहवाल लिहिला.
पश्चिमेला पोकळी, माणूस उभा राहील एवढी नाही,
मांजर राहील एवढी.
बाकी तीन बाजूंची भिंत जाड.
छपरावरची फांदी उतरवावी. झाड ठेवावं.
दोन वर्षांनी पुन्हा तपासावं.
खिळ्याचा उल्लेख: धातू, जुना, निरुपद्रवी.

शेवटच्या रकान्यात छापलेलं होतं,
प्रत्यक्ष पाहणी: होय / नाही.
तिथे पेन अडलं.
नाही वर खूण केली
आणि शेजारच्या मोकळ्या जागेत लिहिलं, ऐकलं.
कंपनीनं मान्य केलं. कुणी वाचलं असेल असं वाटत नाही.

तिकडे डोंगरावरून एक वारा उतरतो,
सुएत म्हणतात त्याला, छपरं उचलतो.
नोव्हेंबरात रात्री जाग आली
की मी तिकडच्या हवामानाचा नकाशा उघडतो.
बायको विचारते, काय बघतोयस?
काही नाही, म्हणतो.

ताशी एकशेदहा. एकशेवीस.
मी टेबलावर बोटानं हलकेच ठोकत बसतो,
वारा पडेपर्यंत.