अकरा सेकंद

फ्लीटवुडला, तळलेल्या माशांच्या दुकानावरच्या खोलीत
आम्ही महिन्यातून एकदा भांडायला जमतो.
विषय ठरलेला: टीव्हीवरचे खेळ, जुने की नवे.
जिन्याला व्हिनेगरचा वास,
खिडकीच्या फटीतून खाडीचा वारा
अडकलेल्या बझरसारखा वाजत राहतो.

टॅम्सिन एकवीस वर्षांची. म्हणते, नवा खेळ बघा तरी,
शंभर माणसं, सरकती जमीन,
उत्तर चुकलं की पायाखालची फरशीच जाते!
क्लेमेंट थ्रेलफॉल चष्मा पुसत म्हणतो,
आमच्या वेळी उत्तर चुकलं
की माणूस नुसता ओशाळायचा.
तेवढं पुरायचं.

मग गिलरॉयचं जुनं दुखणं ठणकू लागतं.
उत्तर आणि निकाल यांच्यामध्ये हल्ली
तीन जाहिराती बसतात.
ढोल बडवतात, दिवे निळे करतात,
आणि परत आलं की प्रश्न पुन्हा पहिल्यापासून!
"अहो, पण बक्षीस काय असायचं तुमच्यात? टोस्टर!"
"कॅरव्हॅन," मी म्हणते, "शेवटच्या फेरीत कॅरव्हॅन."
माझ्याकडे वही आहे.
'शेवटची किल्ली'चे सगळे भाग: तारीख, प्रश्न, कोण जिंकलं, कोण हरलं.
कपड्यांच्या रंगाचा रकाना तेवढा कोरा,
कारण कंपनीने टेपा पुसून
त्यांच्यावर डार्ट्सचे सामने भरले.

गेल्या गुरुवारी एक बाई जिना चढून आली,
दम खात दारातच थांबली.
"मी एल्स्पेथ गारस्टँग. एकदा त्या खेळात—"
"भाग चारशे तेरा," आम्ही तिघं एकदम.
"एक्याऐंशी सालचा नोव्हेंबर.
पितळ करायला तांब्यात काय मिसळतात?
तुम्ही अकरा सेकंद घेतलेत
आणि म्हणालात, कथील."
बाई खुर्चीत बसली.
चाळीस वर्षं आपली चूक
परक्या माणसांनी इतकी जपून ठेवावी,
याचं काय करायचं ते तिला कळेना.

क्लेमेंट काही न बोलता घरी गेला,
भर वाऱ्यात, टोपी न घालता,
आणि बुटाचं खोकं घेऊन आला. आत कॅसेट.
त्याची आई रात्रपाळीची नर्स.
वडील गोदीतून आले की टीव्हीला रेकॉर्डर टेकवून बसायचे,
सकाळी तिला खेळ ऐकता यावा म्हणून.
आणि चित्र तर तिला दिसणार नाही,
म्हणून मधेमधे हळूच सांगायचे.

क्लेमेंटने बटण दाबलं.
प्रश्न आला. मग ती शांतता,
जिच्यावर आम्ही वर्षानुवर्षं व्याख्यानं झोडली,
आणि जी यापूर्वी त्याने कुणालाच ऐकवली नव्हती.
तिच्यात एक किटली होती. एक कुत्रा अंग झाडत होता.
आणि एक थकलेला माणूस बायकोला सांगत होता:
'हिरवा झगा आहे पोरीचा. बोटं मोडतेय बघ.
जस्त गं, जस्त. आपल्या कोळशाच्या बादलीला असतं ते...'

कथील, म्हणाली चोवीस वर्षांची एल्स्पेथ.

'अरेरे,' म्हणाला तो माणूस.
'गेली कॅरव्हॅन. पण हसली गं. मस्त हसली.'

खोलीत कुणी हललं नाही.
खाली कुणीतरी दोन कॉड, एक वाटाणा अशी ऑर्डर ओरडलं.
"मी तर सगळ्यांना सांगत आले,"
एल्स्पेथ म्हणाली, "की मी रडले होते."

टॅम्सिनने, जिला थांबणं म्हणजे रटाळपणा वाटतो,
कुणाला न विचारता कॅसेट मागे फिरवली,
नेमकी अकरा सेकंदांच्या तोंडाशी.
क्लेमेंट भिंतीकडे तोंड करून उभा होता,
त्याच्याकडे मुद्दामच कुणी पाहिलं नाही.

मी वही उघडली, चारशे तेरावी ओळ शोधली
आणि त्या कोऱ्या रकान्यात
लिहिलं: हिरवा.